घरात अजून शनिवारच आहे

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. गेल्या पोळ्याच्या आधी माझ्या मालकांनी जीवन संपवलं. दोन वर्षं सोयाबीन हाती लागलं नव्हतं, बँकेचं आणि बाहेरचं मिळून कर्ज होतं. आता ईस्टर जवळ आलाय. चर्चच्या मंडळीत सगळे 'तो उठला आहे' म्हणतील आणि माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही. एकानं तर सांगितलं, असं मरण घेतलेल्याला पुनरुत्थान नाही. नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, बाबा परत येणार का. पाळकसाहेब, मी काय धरून बसू?

उत्तर :

ताई, सलाम.

ईस्टरचं नंतर बोलू. आधी ते एक वाक्य बाजूला काढू. तो धोंडा छातीवर असेपर्यंत माझं बाकीचं काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही.

'असं मरण घेतलेल्याला पुनरुत्थान नाही' हे पवित्र शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडला. त्याच्यासाठी दाविदानं विलापगीत गायलं, आणि ते गीत शास्त्रात जपून ठेवलेलं आहे. येशूला धरून देऊन पुढं स्वतःचा जीव घेतलेल्या यहूदाबद्दल कठोर शब्द आहेत, पण ते विश्वासघाताबद्दल आहेत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल यादी करतो, की देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय वेगळं करू शकत नाही. त्या यादीत पहिलाच शब्द 'मरण' आहे. कुठलं मरण, कसं आलेलं, अशी अट त्यानं घातलेली नाही.

मग ही समजूत आली कुठून? आमच्याकडूनच आली. मंडळीनं शतकानुशतकं अशा मृतांना ख्रिस्ती दफन नाकारलं. धाकानं लोक थांबतील असा हिशोब असावा. कॅथॉलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मकायद्यात ती बंदी उरली नाही. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या धर्मशिक्षणात तर स्पष्ट म्हटलंय की अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये. पराकोटीचा मानसिक त्रास, भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही असं पाऊल उचलणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायला सांगितलंय. सरकारला जे कळलं ते आपल्या एखाद्या वडीलधाऱ्याला कळू नये, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या मालकांनी बरोबर केलं असं मी म्हणत नाही. कर्जाखाली दबलेल्या माणसाला शेवटी शेवटी एकच दार दिसू लागतं. ते दार नसून भिंत असते, हे सांगायला त्या घडीला जवळ कोणी नसतं. त्या घडीवरून देव आख्खा माणूस मोजत असेल तर आपल्यातला कोण टिकेल?

आता ईस्टर.

मी नवा नवा पाळक होतो तेव्हाची गोष्ट. एका घरातलं दोन वर्षांचं मूल तापानं गेलं. दफनभूमीत मी त्या आईला म्हणालो, देवाला आपल्या बागेसाठी हे फूल हवं होतं. वाक्य छान जमलं असं मला त्या वेळी वाटलं होतं. ती बाई पुढं सात-आठ वर्षं उपासनेला आली नाही. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पाळकसाहेब, दुसऱ्याच्या परसातलं फूल तोडणाऱ्याला आमच्यात चोर म्हणतात." त्या दिवसानंतर मी कबरीजवळ बोलणं फार कमी केलं. म्हणून तुम्हाला जे लोक 'रडू नका, आनंद करा, ते प्रभूजवळ आहेत' म्हणतात, त्यांच्यावर मी फार रागवू शकत नाही. ते तेच करतायत जे मी केलं. शांतता सहन होत नाही, म्हणून बोलतात.

पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलं ते नीट वाचा. ज्यांना आशा नाही अशा लोकांसारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका, असं म्हणत नाही. आणि आपला मित्र लाजर याच्या कबरीजवळ प्रभू स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. पुनरुत्थान ठाऊक असलेला माणूस रडतो याचा याहून मोठा दाखला मला कुठं सापडलेला नाही.

माझं तुम्हाला खरं सांगणं शनिवारबद्दल आहे. आपण उत्तम शुक्रवार पाळतो, तीन तास बसून वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकतो. रविवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातो. मधल्या शनिवारी आपल्या मंडळ्यांत काय होतं? देवळाची झाडलोट, हार-पताका, लेकरांच्या कपड्यांना इस्त्री. शुभवर्तमानांतही त्या दिवसाबद्दल जवळपास काहीच नाही. लूक एवढंच सांगतो की स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला. शिष्यांपैकी कोणी आशा धरून बसलेला नव्हता. 'उद्या उठेल, धीर धरा' असं कोणी कोणाला म्हणाल्याची नोंद नाही. तुमच्या घरात अजून शनिवार चालू आहे, ताई. तो चोवीस तासांत संपतोच असं नाही. काही घरांत मी तो तीन-तीन वर्षं पाहिलाय.

पण मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी म्हणतो की तो अधोलोकात उतरला. पुष्कळ जण हे वाक्य भरभर म्हणून पुढं जातात. मला ते आता सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शनिवारी ख्रिस्त वर नव्हता, खाली होता. मेलेल्यांमध्ये होता. तुमचे मालक ज्या अंधारात गेले तिथं त्यांच्या आधी कोणीतरी जाऊन आलेलं आहे, आणि ती जागा त्याला अनोळखी नाही. ही माझी सांत्वनाची भाषा नाही, मंडळीचा शेकडो वर्षांचा मतांगीकार आहे.

आणि त्या स्त्रिया रविवारी पहाटे कबरीकडं कशासाठी गेल्या? विश्वास दांडगा होता म्हणून नाही. देहाला सुगंधद्रव्यं लावायची राहिली होती म्हणून गेल्या. काम राहिलं होतं. वाटेत त्यांना पडलेला प्रश्नही कामाचाच होता, की तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटेल? पुनरुत्थान झाल्याची बातमी जगात पहिल्यांदा ज्यांना कळली, त्या आशेनं नाही तर कर्तव्यानं घराबाहेर पडल्या होत्या. आणि ती बातमी ऐकून त्या नाचल्या नाहीत. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथंच थांबतं. त्या पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. तेव्हा ईस्टरच्या सकाळी तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही तर तुम्ही पहिल्या साक्षीदारांच्याच रांगेत आहात. गाऊ नका. उभं राहता येत नसेल तर मागच्या बाकावर बसा. बाकीची मंडळी गाईल. मंडळी असते ती एवढ्यासाठीच.

'मेलेल्यांमधून उठलेला पहिला' यासाठी पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात शब्द वापरलाय 'प्रथमफळ'. हा शेतातला शब्द आहे आणि शहरातल्या प्रवचनकारांपेक्षा तो तुम्हाला जास्त कळेल. लेवीयाच्या पुस्तकात सांगितलंय, कापणीची पहिली पेंढी याजकाकडं आणायची आणि त्यानं ती शब्बाथानंतरच्या दिवशी, म्हणजे रविवारी, परमेश्वरासमोर ओवाळायची. वल्हांडण सणाच्या दिवसांत यहूदी मुलखात सातूची कापणी सुरू होत असे. पहिली पेंढी हाती आली म्हणजे पीक खळ्यावर आलं असं नाही. बाकीचं रान अजून उभंच असतं, गारपीट व्हायची ती होऊ शकते. पण दाणा भरलाय हे त्या पेंढीनं कळतं. शाळू ज्वारीत हुरड्याच्या वेळी एक कणीस चोळून पाहिलं की रान कसं लागलंय ते कळतं ना, तसं. ख्रिस्त ही ती पेंढी. तुमचे मालक, माझे आईवडील, त्या बाईचं दोन वर्षांचं लेकरू हे अजून रानात आहेत. पीक त्याच पेऱ्याचं आहे, एवढंच पौलाचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा उमगली. विलायती गीतांत ईस्टर म्हणजे वसंत, बर्फ वितळला, फुलं आली. आपल्याकडं ईस्टर येतो तो चैत्राच्या आगेमागे. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर सुरू झालेले, जनावरं छावणीची वाट बघतायत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते ईस्टर होऊन दोन-तीन आठवडेच झाले होते. मी तरुणपणी म्हणायचो, आपल्याकडं निसर्ग या सणाला साथ देत नाही. मग कळलं की यरुशलेमातही देत नव्हता. तिथला पाऊस साधारण एप्रिलात संपतो आणि पुढचा थेट शरदात. म्हणजे ती कबर रिकामी झाली ती कोरड्या दिवसांच्या तोंडावर.

बियाण्याचा दाखला मात्र मी तुम्हाला जपून देतो. दाणा जमिनीत पडून मेल्यावाचून पीक नाही, हे प्रभूचे शब्द आहेत आणि पौलही तेच म्हणतो. पण ज्यानं मृगात पेरलं, पावसानं ओढ दिली, दुबार पेरणी केली आणि तीही गेली, त्याच्यासमोर हा दाखला सहज फेकायचा नसतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला प्रवचन संपल्यावर विचारलं होतं, "दाणा मेला हे बराबर हाय, पर उगवलंच न्हाई त्याचं काय?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की पौल बियाण्याच्या ताकदीवर बोलतच नाही. देव त्याला आपल्या इच्छेप्रमाणे शरीर देतो, असं तो म्हणतो. उगवण्याचा जोर दाण्यात नाही, देणाऱ्यात आहे. म्हणून आपली आशा 'आत्मा अमर आहे' या समजुतीवर उभी नाही, कितीही लोक तसं म्हणोत. मेलेला खरंच मेलेला असतो. त्याला उठवावं लागतं.

आणि उठतो ते शरीर उठतं. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशूनं दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे वण होते. पुनरुत्थानानं ते पुसले नाहीत. मग किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि 'या, न्याहारी करा' हे शब्द. मृत्यूला जिंकून आलेल्यानं पहिल्या काही दिवसांत केलेलं काम म्हणजे रात्रभर उपाशी राबलेल्या शिष्यांसाठी चूल पेटवणं. मला याचं राहून राहून नवल वाटतं.

किल्लारीची आठवण सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून माणसं नुकती निजलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदं, त्याखाली सुमारे दहा हजार माणसं गेली. मी चार दिवसांनी मदतीचं सामान घेऊन गेलो होतो. एका पडलेल्या घराशी एक म्हातारी सूप घेऊन बसली होती, मातीत मिसळलेली ज्वारी पाखडत. तिच्या घरातली तीन माणसं गेली होती. मला वाटलं खायला निवडतेय. म्हटलं, आजी, धान्य आणलंय आम्ही. ती मान वर न करता म्हणाली, "खायला न्हाई बाबा. पेरायचं हाय. रब्बी तोंडावर आली की." ती ख्रिस्ती नव्हती आणि तिच्या तोंडी मी आपला धर्म घालणार नाही. पण सुगंधद्रव्यं घेऊन निघालेल्या त्या बायांचा चेहरा कसा असेल असं कोणी विचारलं, तर मला तीच आठवते.

मुलाचं. बाबा परत येणार का, तर नाही, या घरात आता येणार नाहीत, हे त्याला सरळ सांगा. 'झोपलेत' म्हणू नका. शास्त्रात महानिद्रा म्हटलंय ते मोठ्यांसाठी, लेकरं मग झोपायला भितात. 'देवानं बोलावलं' तर मुळीच नको, कारण देवानं बोलावलेलं नव्हतं. बाबांचं मन फार आजारी होतं, त्या आजारात ते गेले, आणि यात तुझी काही चूक नव्हती, एवढं सांगा. शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा. ही पोरं मनातल्या मनात आपलाच दोष शोधत असतात. मग त्याला सांगा की एक दिवस येशू त्यांना उठवील असा आपला विश्वास आहे. कधी, ते आईलाही माहीत नाही. आणि 'आता तूच घरातला कर्ता' असं जो पाहुणा त्याला म्हणेल त्याला तिथंच थांबवा. नऊ वर्षांच्या पोराला चौथीचा अभ्यास पुष्कळ आहे.

आता मंडळीचं काम. पुनरुत्थानाचा तो थोरला अध्याय पौल संपवतो ते 'तुमचे श्रम व्यर्थ नाहीत' या शब्दांवर, आणि सोळाव्या अध्यायाची पहिली ओळ काय आहे? वर्गणी. यरुशलेमातल्या गरिबांसाठी पैसे गोळा करा, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे बाजूला ठेवा. त्याला मध्ये श्वासही घ्यावासा वाटला नाही. जालन्याजवळचं बेथेलही मला याच ओळीचं वाटतं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून गेल्याच्या आधीच्या शतकात ते गाव वसवलं, ज्यांच्या नावावर कधी वीतभर रान नव्हतं अशा माणसांसाठी. आमच्या पूर्वजांना आशा मिळाली ती जमिनीसकट.

तेव्हा तुमच्या मंडळीच्या पंचांना मी वेगळं लिहितोय, पण तुम्हीही मागायला लाजू नका. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का? मालकांचं नाव तसंच राहिलं तर पीकविमा, अनुदान सगळं अडकतं. शेतकरी आत्महत्येच्या मदतीचा प्रस्ताव तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं गेला का? पात्र ठरल्यास एक लाख मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. रक्कम थोडी आहे, आणि अपात्र ठरवण्याची कारणं पुष्कळ सापडतात. कर्जाचे कागद, बँकेची नोटीस, पंचनामा एका पिशवीत ठेवा. निराधारच्या पगाराचा अर्जही भरा. बाहेरच्या सावकाराला यापुढं एकटीनं भेटू नका, सोबत दोन माणसं हवीत.

आणि एक प्रश्न मी तुम्हाला उघड विचारतो, कारण तुमच्या मालकांना तो कोणी विचारला नाही. तुमच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का? येत असतील तर ते पाप कबूल करायला माझ्याकडं येऊ नका, मदत मागायला या. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर रात्री दोनलाही मराठीत बोलणारं माणूस मिळतं, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. गोळ्या लागल्या तर घ्या. एलीया संदेष्ट्यानं झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं पुष्कळ नंतर झालं. तुम्ही जेवता का, झोप लागते का, हे मला तुमच्या विश्वासापेक्षा आधी कळवा.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी उन्हं उतरल्यावर, मुलाला घेऊन दफनभूमीत जा. केरसुणी आणि एक कळशी पाणी न्या. पावसाळ्यात खचलेली माती सारखी करा, काटेरी झुडपं काढा, दगड धुवा. प्रार्थना सुचली तर करा, नाही सुचली तर राहू द्या. स्तोत्र ८८ सोबत असू द्या. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, आणि तरी ते देवाशी बोलणं आहे. पहाटेच्या उपासनेला मंडळी तिथंच येईल, तेव्हा तुमच्या मालकांची कबर झाडलेली असेल.

वारस नोंदीचं काय झालं ते आठ दिवसांत कळवा. तलाठ्यानं पुन्हा हेलपाटे घालायला लावले तर आमच्याकडं एक निवृत्त मंडळ अधिकारी आहेत, त्यांना सोबत पाठवतो.